उके मॅडम आणि एकेचाळीस एरर

उके मॅडम 'चूक झाली' असं कधी म्हणत नसत. "मेळ नाही बसून राहिला," एवढंच म्हणत. प्रोग्राम अडला तरी हेच, वरणात मीठ जास्त पडलं तरी हेच. एकदा त्यांच्या नात्यातलं एक लग्न मोडलं, तेव्हाही त्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या होत्या, "पोरगाही चांगला, पोरगीही चांगली. मेळ नाही." कॉम्प्युटर आणि माणूस यांच्यासाठी त्यांनी वेगवेगळे शब्द ठेवले नव्हते.

लाखनीत हायवेला लागून आमचं छोटं वर्कशॉप आहे. जिल्ह्यातल्या राइस मिलना लागणारी कंट्रोल पॅनेल आम्ही बनवतो. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर धान आधी भिजवावं लागतं, मग वाफ द्यावी लागते, मग सुकवावं लागतं. कोणतं काम कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं, ते आमचं पॅनेल ठरवतं. पॅनेलमध्ये तळहाताएवढा बोर्ड असतो, बोर्डावर एक चिप आणि चिपमध्ये सी भाषेतला प्रोग्राम. हा प्रोग्राम उके मॅडमनी लिहिलेला. पॉलिटेक्निकमध्ये वर्षानुवर्षं सी शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मग आठवड्यातले तीन दिवस भंडाऱ्याजवळच्या कारध्याहून बसनं आमच्याकडे येऊ लागल्या. मी तिथं तयार पॅनेलची तपासणी आणि कागदपत्रं बघते. आता मॅडम वर्ध्याला मुलीकडे राहतात. तिथून रविवारी फोन येतो, आणि पहिला प्रश्न प्रकृतीचा नसतो, "बिल्ड होऊन राहिलं का?" हा असतो. बिल्ड म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चिपला चालेल असा करून घेणं; ते काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम करतो आणि काही पटलं नाही तर एरर दाखवतो.

त्या येत तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी असत. कडक कांजीची सुती साडी, पूर्ण पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. दारातून आत येताना आमच्या वायरिंगवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात "जय भीम". मालकांना आम्ही निमजे भाऊ म्हणतो. तेही हात जोडून "जय भीम, मॅडम" म्हणत आणि लगेच मिलवाल्यांचे निरोप सांगायला लागत. मॅडम हात वर करून थांबवत. "भाऊ, आधी पाणी पिऊ द्या. मिल पळून नाही जात."

त्यांची शिकवायची एक रीत होती. शिकणारा कीबोर्डावर बसला, की त्या आपली खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ करून बसत. मग म्हणत, "वाच." समोरच्यानं एरर मोठ्यानं वाचायची, शब्द न गाळता, ओळीच्या नंबरासकट. मग ती ओळ वाचायची, कंस, स्वल्पविराम, अर्धविराम सगळं बोलून. पॉलिटेक्निकमध्ये एका कॉम्प्युटरमागे आठ पोरं असत आणि लाइन कधी जाईल त्याचा भरवसा नसे, तेव्हापासूनची ही पद्धत. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी स्क्रीनकडे पाठ फिरवून ऐकायचं. "डोळ्याले जे पाहिजे तेच दिसते," त्या सांगत. "कानाले जे आहे ते ऐकू येते."

दुसरी रीत, पहिल्या एररशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. स्क्रीनवर लाल ओळींचा ढीग लागला, की नवशिका माणूस शेवटची ओळ दिसते म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मॅडम त्याला वर न्यायच्या. "पहिली एरर नवरदेव. बाकी सारी वरात. नवरदेवाले उतरवून घे, वरात आपोआप पांगते." हे मी इतक्या वेळा ऐकलं, की तपासणीतही आता पहिला दोष सापडला की मी पुढचं बघत नाही, आधी तोच मिटवून घेते. निम्म्या वेळा पुढचं काही उरतच नाही.

प्रणाली आमच्याकडे आली ती मोहाडीची. डिग्री झालेली, टायपिंग धडाधड, सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली. पहिल्याच आठवड्यात ती फंक्शन पॉइंटरपाशी अडली. मलाही तेव्हाच तो काय प्रकार असतो ते कळलं, कारण मी मागच्या टेबलावर वायरींना नंबराच्या चिठ्ठ्या लावत होते आणि ऐकू येत होतं.

फंक्शन म्हणजे प्रोग्राममधलं एक काम. भिजवणं हे एक, वाफ देणं हे एक, सुकवणं हे एक. फंक्शन पॉइंटर म्हणजे ते काम करणाऱ्याचा पत्ता. मॅडमच्या प्रोग्रामात अशा पत्त्यांची एक ओळच होती. एक काम संपलं, की प्रोग्राम पुढचा पत्ता उचलून त्याला हाक मारायचा. पण पत्ता लिहून ठेवताना, तिथला माणूस आत काय घेतो आणि परत काय देतो, तेही लिहावं लागतं. ते लिहायची रीत जरा विचित्र आहे. मधे नाव, नावाच्या आधी स्टारचं चिन्ह, आणि स्टार व नाव या दोघांभोवती कंस. प्रणालीनं कंस घातले नव्हते.

"तुझी आई काय करते?" मॅडमनी पाठ न वळवता विचारलं.

"शेतीच करते. धानाच्या रोवणीले जाते लोकांच्या."

"मग तुले सांगायची गरज नाही. शेतातल्या बांधीले मातीचा धुरा नाही घातला तर आतलं पाणी कुठं जाते?"

"बाजूच्या बांधीत."

"तुझा स्टार तसाच वाहून गेला. डावीकडच्या शब्दाले जाऊन चिकटला. तुले पाहिजे होता कामाचा पत्ता. कंपायलर समजला, हे काम कोणता तरी पत्ता परत देणारं आहे. नावाभोवती धुरा घाल."

प्रणालीनं कंस घातले. एरर गेली. ती हसून म्हणाली, "कॉलेजात एवढं सोपं काहून नाही सांगितलं कोणी?"

"आमच्या पॉलिटेक्निकात मीच सांगत होती," मॅडम म्हणाल्या. "पोरं ऐकत नव्हती."

पुढच्याच दिवशी दुसरी गोष्ट. एका ठिकाणी सुकवण्याच्या कामाचा नुसता पत्ता द्यायचा होता. प्रणालीनं सवयीनं नावापुढे उघडा-बंद कंस टाकले, म्हणजे ते काम तिथंच करून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी तुले वनिताचा मोबाइल नंबर मागितला, तर तू काय करशील?"

"नंबर देईन."

"तू वनितालेच धरून आणलं माझ्यासमोर."

वनिता म्हणजे मी. मी मागून म्हटलं, "मॅडम, मी इथंच आहे."

"म्हणून तर मेळ नाही बसत. पाहिजे नंबर, आली बाई."

अशा हसतखेळत चाललेल्या दिवसांत मला एक गोष्ट मात्र खटकायला लागली होती. मॅडमच्या स्क्रीनवरची अक्षरं दर महिन्याला मोठी होत होती. शेवटी शेवटी एका ओळीत चार शब्द मावत. डब्यातलं लोणचं त्या बोटानं चाचपून घेत. माझ्याशी बोलताना माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत. एक दिवस जेवताना मी सरळ विचारलं.

त्यांनी आधी पोळीचा घास संपवला. मग म्हणाल्या, "पडदा खराब होऊन राहिला. दोन्ही डोळ्यांचा. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं नाही येत. ज्याच्याकडे पाहते तेच नाही दिसत, वनिता. बाजूचं सारं दिसते."

"भाऊंना सांगितलं?"

"नको सांगू. त्यांले समजलं तर ते उद्याच नागपूरहून तयार बोर्ड मागवतील. मग आपल्या प्रोग्रामाले कोण विचारते? चौदा मिल चालून राहिल्या त्याच्यावर. माझ्यानंतर तो वाचणारं कोणी पाहिजे. प्रणालीले तयार होऊ दे, मग मीच सांगते."

मी तोंड बंद ठेवलं. पण तेव्हापासून दर आठवड्याला मनात हिशेब चालायचा, डोळे आधी जातात की पोरगी आधी तयार होते.

आणि नेमका त्याच वर्षी, धान बाजारात यायला महिनाभर उरला असताना, प्रोग्रामवाला जुना कॉम्प्युटर बंद पडला तो कायमचाच. प्रोग्रामाची प्रत होती, ती मीच दर शनिवारी काढत असे. भाऊंनी नवा कॉम्प्युटर आणला. प्रणालीनं त्यावर नवा कंपायलर टाकला. मोहाडीच्या एका मिलला दोनदा सुकवणं हवं होतं, म्हणून तिनं त्यासाठी एक नवं फंक्शन लिहिलं आणि सगळं मिळून बिल्ड केलं. एकेचाळीस एरर.

भाऊ येऊन मागे उभे राहिले. "कालपर्यंत तर चालत होतं ना वो?"

"जुन्या कॉम्प्युटरवर चालत होतं," प्रणाली म्हणाली. "जुना कंपायलर टाकून देऊ का? नाही तर एक सेटिंग आहे, तक्रार बंद करायची."

"मोहाडीवाला रोज फोन करून राहिला," भाऊ म्हणाले. "सोमवारी पॅनेल नाही दिलं तर तो दुसरीकडे जाईल. सोमवारपर्यंत झालं तर झालं. नाही तर मी तयार बोर्ड आणतो, मॅडम. राग नका मानू."

मॅडम खुर्ची फिरवून बसल्या होत्या. "राग नाही. प्रणाली, पहिली वाच."

प्रणालीनं वाचली. तक्रार अशी होती की या फंक्शनला जास्तीचा माल दिला आहे, हे तर काहीच घेत नाही. मग तिनं वर जाऊन मूळ ओळ वाचली, जिथं पत्त्यांचा नमुना ठरवला होता. नाव, स्टार, धुरा सगळं बरोबर. पुढचा कंस मात्र रिकामा.

मॅडमनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. "हे मीच लिहिलं," त्या म्हणाल्या. "रिकामा कंस. जुन्या काळी त्याचा अर्थ होता, काय घेईल ते विचारू नका. आता त्याचा अर्थ झाला, काहीच घेत नाही. कंपायलर बरोबर आहे. मी तेव्हा आळस केला. त्या कंसात लिही, एक पूर्ण अंक घेतो म्हणून."

प्रणालीनं एक शब्द टाकला आणि पुन्हा बिल्ड केलं. एकेचाळीसच्या तीन झाल्या. भाऊ "अरे बाप" म्हणून चहा सांगायला गेले. मॅडमनी मला म्हटलं, "वनिता, तुझ्या कागदावर कारण लिहून ठेव. उकेबाईंचा आळस." मी 'जुनी लिखाणपद्धत' असं लिहिलं. त्यांनी वाचायला लावलं आणि बदलायला लावलं.

तीनपैकी दोन त्याच दिवशी मिटल्या. उरलेली एक प्रणालीच्या नव्या फंक्शनची होती. दुसऱ्या दिवशी शनिवार. मॅडमना डोळ्यांसाठी नागपूरला जायचं होतं. जाताना त्या प्रणालीला एवढंच म्हणाल्या, "एकच राहिली. ती तुझी तूच पाहा."

शनिवारी अकराच्या सुमाराला प्रणाली उठून उभी राहिली. "ताई, झिरो एरर."

मी बोर्ड तपासणीला घेतला. आमच्या टेबलावर हीटरच्या जागी लाल बल्ब असतो आणि तापमान वाढवायला एक नॉब. भिजवणं बरोबर, वाफ बरोबर, पहिलं सुकवणं बरोबर. दुसरं सुकवणं सुरू झालं, बल्ब लागला. मी नॉब सत्तरच्या पुढे नेला. बल्ब विझायला हवा होता, विझला नाही. नव्वदपर्यंत नेला, तरी तसाच. खऱ्या मिलमध्ये तो बल्ब नसतो. तिथं धानाचा ढीग असतो आणि शेजारी माणसं उभी असतात.

"काय केलं तू त्या शेवटच्या एररला?" मी विचारलं.

प्रणालीचा चेहरा उतरला. "कास्ट टाकला."

म्हणजे काय, ते तिनं मला समजावलं. पत्त्यांच्या यादीत लिहिलं होतं की इथला प्रत्येक जण पूर्ण अंक घेतो. तिचं फंक्शन दशांशातला आकडा घेणारं होतं. कंपायलर म्हणाला, हा या यादीतला नाही. तिनं फंक्शनच्या नावापुढे एक शब्द लिहून सांगितलं, हा यादीतलाच आहे, तू गप्प बस. तो गप्प बसला. चिपनं सत्तरचा आकडा पुढे दिला. तो दशांशाच्या रीतीनं वाचला गेला आणि त्याचं झालं जवळजवळ शून्य. त्या फंक्शनच्या लेखी बाहेर कडाक्याची थंडी होती.

"मॅडमना नका सांगू ना, ताई. मी नीट करते."

"मी नाही सांगत," मी म्हटलं. "पण तपासणीच्या कागदावर 'नापास' लिहीन. कारणाचा रकाना तू भर."

तिनं तो भरला नाही. दिवसभर कोड बघत बसली आणि काही न बदलता घरी गेली. मला वाटलं, ही सोमवारी येते की नाही.

सोमवारी ती मॅडमच्या आधी आली होती. मॅडमनी पाणी प्यायलं, खुर्ची फिरवली, म्हणाल्या, "वाच." प्रणाली पत्त्यांची यादी वाचू लागली. भिजवणं, वाफ, सुकवणं. चौथ्या नावाशी तिचा आवाज अडखळला. तिनं तो कास्टही वाचला. गाळून टाकणं सोपं होतं, मॅडमना दिसलं नसतं. त्यांना दिसत नाही हे अजून तिला माहीत नव्हतं, हेही खरं.

"थांब. ते तिथं काहून आहे?"

"एरर येत होती."

"मग त्याले गप्प बसवलं. तो काय खोटं बोलून राहिला होता?"

"नाही, मॅडम."

"बल्ब विझला?"

"नाही."

मला वाटलं, आता बोलणी बसतील. मॅडम खुर्ची वळवून तिच्याकडे, म्हणजे तिच्या खांद्याच्या जरा बाजूला, बघत राहिल्या. "मीही बसवलं होतं त्याले गप्प," त्या म्हणाल्या. "रिकामा कंस म्हणजे दुसरं काय? मी तर इतकी वर्सं बसवलं, अन् पोरांनाही तेच शिकवलं. तू दोन दिवसच बसवलं. काढ ते. अन् मेळ कसा बसवते ते सांग."

"तुम्ही सांगा ना."

"मले पत्ता माहीत आहे. पण तूच जा."

मग प्रणालीनं हळूहळू टाइप केलं. फंक्शन बाहेरून सगळ्यांसारखा पूर्ण अंकच घेईल आणि आत नेऊन त्याचा दशांश करील. कास्ट काढला, बिल्ड केलं. एरर नव्हती. तिनं बोर्ड उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि कारणाचा रकाना भरायला पेन मागितलं. मी नॉब फिरवला. सत्तरला बल्ब विझला. तरी मी तपासणी पहिल्यापासून पुन्हा केली, दोनदा. दुपारी तीन वाजता भाऊ स्वतः पॅनेल गाडीत टाकून मोहाडीला घेऊन गेले.

ते संध्याकाळी परत आले, तेव्हा मॅडम त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. "भाऊ, एक सांगायचं होतं. माझे डोळे अर्ध्याच्या वर गेले. पण आता तुमच्याकडे वाचणारी आहे."

भाऊ खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "अन् मले वाटे, मॅडम माझ्यावर रागावल्या म्हणून बाजूला पाहतात."

सगळ्यांत आधी मॅडमच हसल्या. प्रणाली हसली नाही. ती उठून त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि म्हणाली, "मग मी अजून सावकाश वाचू का?" त्या महिन्याअखेर भाऊंनी तिची सहा महिन्यांची बोली मोडून तिला कायम केलं.

त्यानंतर मॅडम चार-पाच महिने येत होत्या. प्रणाली वाचायची, त्या ऐकायच्या. मग वाचता वाचता प्रणाली स्वतःच थांबायला लागली. "हां, हां, समजलं," म्हणून पुढे जायला लागली.

मॅडमना वर्कशॉपात शेवटचं पाहिलं तो एक मंगळवार होता. प्रणाली एका नव्या मिलसाठी काम जोडत होती. बिल्ड केलं, स्क्रीन लाल झाली. मॅडमनी आपली खुर्ची फिरवली आणि वाट बघत बसल्या. प्रणालीनं वाचलं नाही. तिचे ओठ हलत होते, बोट वरच्या ओळीवर होतं, पण आवाज नव्हता. मॅडम तिच्या मागे आहेत हेही ती विसरली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली आणि पाऊल न वाजवता बाहेर आल्या. मी त्यांच्या मागे गेले, कारण रस्ता ओलांडताना कोणी तरी सोबत लागायचं.

स्टॉपवर आम्ही उभ्या राहिलो. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

"आज मले कोणी काही विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी जाऊन बघते तिला. एकटीच आहे ती आत," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "नको. राहू दे तिले एकटी."

भंडाऱ्याची बस आली, थांबली, कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं. मॅडम हलल्या नाहीत, माझं मनगटही सोडलं नाही. मग दुसरी आली. तीही आम्ही जाऊ दिली.